ज्याचा ताबा, त्याची जमीन

घराला लागून सरकारी जागेचा एखादा तुकडा मोकळा पडलेला असला, की भल्याभल्यांची नजर फिरते, हे तुम्हांला मी नव्यानं सांगायला नको. आधी तिथं एक कुंडी जाते. मग दोन दगड, मग मेंदीचं कुंपण, आणि एक दिवस त्या कुंपणाला फाटक लागून फाटकाला आतून कडी बसते. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "अहो, घाण व्हायची तिथं, आम्ही निदान झाडं तरी लावली!" आपण सगळे हे करतो, नाहीतर करणाऱ्याकडे कौतुकानं बघत राहतो. मग प्राध्यापक श्यामकांत खरवंडीकरांनी तरी वेगळं काय केलं? वेगळं एवढंच, की सर विद्यापीठात कायदा शिकवत होते.

मूळचे नगर जिल्ह्यातले. चंडीगडला येऊन उमेदीची सगळी वर्षं गेली, शहराच्या दक्षिण टोकाच्या एका सेक्टरमध्ये कोपऱ्यावरचं घर बांधून झालं. मुलगा पुण्याला डॉक्टरीचं शिकत होता. घरात सर आणि त्यांच्या पत्नी वसुधाबाई, दोघंच. पंजाबात बंदुकांचा धुमाकूळ चालला होता ती ही वर्षं. चंडीगडच्या रुंद रस्त्यांवर, गोल चौकांत वाळूची पोती रचलेली असायची. बसस्टँडवर बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तरी माणसं लांब पळायची. कोण कुठला, कुणाकडे उतरलाय, याची चौकशी रोजची झाली होती.

अशा दिवसांत सरकारनं एक कायदा करायचं ठरवलं. सरकारी मालकीचे इकडेतिकडे विखुरलेले जमिनीचे तुकडे खाजगी माणसांना विकायचे. कुणाला विकायचे, कसे विकायचे, हे ठरवून मसुदा करायला एक समिती नेमली आणि तिच्यात आमचे खरवंडीकर सर होते. कुणी म्हणालं लिलाव करा, कुणी म्हणालं शेजारच्या घरमालकाला द्या. सर मात्र हटून बसले. ते म्हणाले, "ज्या गरिबानं त्या तुकड्यावर झोपडं टाकून दिवस काढलेत, त्याला पहिला हक्क पाहिजे. आणि त्याच्याकडे कागद मागू नका. कागद असता तर तो झोपड्यात कशाला राहिला असता? पाहणीच्या दिवशी ज्याचा तिथं प्रत्यक्ष आणि निर्विवाद ताबा दिसेल, त्यालाच जमीन विकावी." शेवटी सरांचं कलम मसुद्यात गेलं, आणि मसुद्याचा कायदा झाला. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी ते कलम वसुधाबाईंना वाचून दाखवलं होतं. वाचून झाल्यावर तीच ओळ पुन्हा एकदा वाचली होती.

आता बघा, माणूस कसा असतो ते!

सरांच्या घराच्या कडेला, कोपऱ्याच्या वळणावर, सरकारी जमिनीचा एक तिकोनी तुकडा होता. त्यावर एक जांभळीचं झाड. त्या झाडाखाली बलजीत कौर नावाच्या बाईचा मातीचा तंदूर जमिनीत पुरलेला होता. तिकडची पद्धत आपल्याला नवीन वाटेल. संध्याकाळी आजूबाजूच्या घरांतल्या बायका आपापलं मळलेलं पीठ परातीत घेऊन सामायिक तंदूरवर जातात, रांगेत बसतात, गप्पा ठोकतात, तंदूरवालीला रोटीमागे चार पैसे देतात, आणि गरम रोट्या फडक्यात गुंडाळून घरी येतात. वसुधाबाईसुद्धा जायच्या. भाकरी थापणाऱ्या हातांना तंदूरची रोटी काही जमली नव्हती, पण ते बायकांत बसणं त्यांना फार आवडायचं. चंडीगडात त्यांना पहिली मैत्रीण मिळाली ती त्या रांगेत.

बलजीत आणि तिचा नवरा दलीपसिंग तरनतारनकडच्या एका गावातले. रात्री बंदुका घेऊन येणारे त्यांच्याकडे रोट्या मागायचे, आणि दिवसा पोलीस येऊन विचारायचे, रोट्या का दिल्यास? दोन्हीकडून मरण. शेवटी घराला कुलूप लावून दोघं इथं आली. जांभळीच्या आडोशाला पोत्यांचं छप्पर टाकलं, तंदूर बसवला. दलीपसिंग खाटा विणायचा. अधूनमधून गावाकडचं कुणीतरी असंच जीव मुठीत घेऊन यायचं, एक-दोन रात्री राहायचं आणि पुढे जायचं. एका कर्फ्यूत दुकानं बंद होती आणि वसुधाबाई तापानं फणफणल्या होत्या, तेव्हा बलजीतनं कुंपणावरून रोज रोट्या आणि डाळ पोचवली होती.

कायदा झाला आणि सरांच्या मनात किडा वळवळला. मुलगा डॉक्टर होऊन येईल, त्याला दवाखाना काढायला कोपऱ्यावरची जागा काय झकास आहे! आणि कायद्यात काय म्हटलंय? पाहणीच्या दिवशी ज्याचा ताबा दिसेल त्याला. 'दिसेल'! शब्द त्यांचाच होता, त्याची ताकद त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? त्यांनी मेंदीचं कुंपण वळणापर्यंत वाढवून घेतलं. तंदूर आणि पोत्यांचं छप्पर कुंपणाच्या आत आलं. बलजीत हसून म्हणाली, "चंगा कीता सरजी, कुत्ते नहीं आएँगे." म्हणजे बरं केलंत, आता कुत्री येणार नाहीत. तिला वाटलं, आपल्यासाठीच केलं.

कुंपणानंच शेत खायला घेतलं म्हणतात ते हे असं.

पाहणी नेमकी गणपतीच्या आठवड्यात यायची होती, हे सरांना आधीच समजलं होतं. मग त्यांनी एक डाव टाकला, आणि तोही असा, की तो फक्त आपल्या मराठी माणसालाच सुचावा. चंडीगडातलं मराठी मंडळ म्हणजे लष्करातले, हवाई दलातले अधिकारी, मोठ्या इस्पितळातले डॉक्टर, विद्यापीठातले शिक्षक आणि त्यांची बायकापोरं. दरवर्षी त्यांचा गणपती सेक्टर बावीसमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. यंदा सरांनी मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं, "गणपती माझ्या अंगणात बसवा. कोपऱ्यावरची जागा आहे, ऐसपैस आहे." टाळ्या पडल्या. देवाचा मांडव कुणी हटवतं का? पाहणीवाला येईल तेव्हा समोर खरवंडीकरांचं कुंपण, आत खरवंडीकरांचा मांडव, खरवंडीकर स्वतः आरतीचं तबक घेऊन उभे! याहून निर्विवाद ताबा तो कोणता?

मांडव घालायला पुढे झाले राजाभाऊ शेडगे. साताऱ्याचे, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता जावयाच्या बदलीमुळे मुलीकडे चंडीगडला राहणारे. मंडळाची कुठलीही उठाठेव त्यांच्याशिवाय पार पडत नसे. बांबू पुरता पुरता त्यांनी विचारलं, "सर, ही जागा तुमचीच व्हय?"

"म्हणजे... आमचीच समजा."

"समजतो," राजाभाऊ म्हणाले आणि पुढचा खड्डा खणायला लागले.

तंदूर मध्येच येत होता. सर बलजीतला सांगायला गेले, तर तिनं सगळं ऐकण्याआधीच मान डोलावली. "भगवान दा कम्म है सरजी. आम्ही तेवढे दिवस चूल बंद ठेवू." तिनं स्वतः तंदूरचं तोंड झाकलं, भोवतीची जमीन सारवून दिली. तंदूरवर फळी आली, फळीवर चौरंग आला, चौरंगावर बाप्पा बसले. तिच्या रोजच्या कमाईवर देव बसवला, आणि तिनं त्याला हात जोडले.

राहता राहिलं ते पोत्यांचं छप्पर. पाहणीच्या दिवशी ते दिसलं तर सगळं मुसळ केरात. सर तिला गोड आवाजात म्हणाले, "चार दिवस कुणा नातेवाइकांकडे का जात नाही? इथं गर्दी होईल, तुम्हांलाच त्रास."

"जाना कित्थे है सरजी?" बलजीत म्हणाली. "जिथं जायचं, तिथूनच तर पळून आलो."

त्याच संध्याकाळी चौकीवरचे इन्स्पेक्टर मांडव तपासायला आले. त्या दिवसांत चार माणसं जमणार म्हटलं की पोलिसांची परवानगी लागायची. त्यांनी चौरंगाखाली वाकून पाहिलं, पताकांच्या दोऱ्या हलवून पाहिल्या, सरांनी दिलेला चहा घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"प्रोफेसरसाब, आसपास कोई नया बंदा? कोई आना-जाना?"

नाही म्हणून सर मोकळे झाले असते, तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ते पोत्यांचं छप्पर होतं. त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मैं कुछ कहता नहीं... पर ये जो तंदूरवाली है, इनके यहाँ सरहद की तरफ़ के लोग आते हैं. एक-दो रात रुकते हैं, चले जाते हैं. कौन हैं, पता नहीं. आप देख लीजिए."

यात एक शब्द तरी खोटा होता का? नव्हता! खोटं न बोलता माणसाचा गळा कसा कापावा, हे शिकलेल्या माणसालाच जमतं. सरांच्या मनात होतं ते एवढंच, की पोलीस दमदाटी करतील, छप्पर उठेल, पाहणी झाली की मग बघू, तिला दुसरीकडे कुठेतरी जागा बघून देऊ. असं त्यांनी स्वतःला समजावलं. मांडवाच्या कोपऱ्यात खिळा ठोकणाऱ्या राजाभाऊंचा हातोडा मात्र वरच्या वर थांबला होता.

सकाळी उजाडता उजाडता जीप आली आणि दलीपसिंगाला घेऊन गेली.

वसुधाबाई दूध आणायला गेल्या होत्या, त्या धावतच घरात आल्या. "अहो, दलीपला नेलं! त्याला पगडीसुद्धा धड बांधू दिली नाही!"

"चौकशी करतील आणि सोडतील," सर वर्तमानपत्रामागून म्हणाले. "हल्ली सगळ्यांचीच होते."

तेवढ्यात बलजीत दारात आली. डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरली होती. रडत नव्हती. सरळ आत आली आणि तिनं सरांचे पाय धरले.

"सरजी, तुम्ही कायदा शिकवता. पोलीस तुमचं ऐकतील. तुम्ही फक्त एवढं सांगा, की तुम्ही आम्हांला ओळखता. कुणीतरी आमच्यावर चुगली केली सरजी. त्याचं तोंड मला बघायचंही नाही. तुम्ही चला फक्त. तुमच्याशिवाय आमचं इथं आहे कोण?"

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात. सरांना ते त्या क्षणी कळलं. पाय मागे घ्यावेत तर ती घट्ट धरून बसलेली, आणि तिच्याकडे बघायचं धैर्य नव्हतं. "देखता हूँ," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. ती उठली, 'रब तुम्हांला सुखी ठेवो' असं म्हणाली आणि चौकीच्या रस्त्यानं चालू लागली.

सकाळच्या आरतीसाठी राजाभाऊ आले होते. ते मांडवात न जाता सरळ घरात शिरले. दारातूनच त्यांनी बलजीतला जाताना पाहिलं होतं.

"सर, एक इचारू?"

"राजाभाऊ, आत्ता नको."

"आत्ताच इचारतो. काल तुमी साहेबाला जे सांगितलं, ते कशापायी सांगितलं?"

वसुधाबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. "काय सांगितलंत? कुणाला?"

सर ताडकन उठले. "मी जे सांगितलं ते खरं होतं! बाहेरची माणसं येतात की नाही इथं? देशात काय चाललंय ते दिसतंय ना? नागरिक म्हणून माझं कर्तव्य आहे..."

"कर्तव्य!" राजाभाऊंचा आवाज चढला. "सर, मी तोफखान्यात काढली उभी हयात. कर्तव्य मला नका शिकवू. चार वरसं ही माणसं हितं हायत. चार वरसांत तुमचं कर्तव्य जागं झालं न्हाई, आन् जमीन इकायचा कायदा झाला तशी त्येला जाग आली?"

"तो कायदा आहे राजाभाऊ! सरकारनं केलाय. मी चोरी करत नाही, रीतसर विकत घेणार आहे. मी काय फुकट मागतोय?"

"इकत घेताय, खरं हाय. पण सरकारला नुसतं पैसं देऊन भागंना, वर दुसऱ्या कुणाचा तरी नवरा द्यावा लागतोय, त्येचं काय?"

राजाभाऊ थोडे जवळ आले, आवाज खाली आणून बोलायला लागले. "सर, कायद्यानं जमिनीला मोकळीक दिली. तुमच्या मनाला न्हाई दिली. सरकारी जमीन म्हंजे कुणाचीच न्हाई, असं आपण धरून चालतो. अवो, ती सगळ्यांची असती! तुमची हाय, माझी हाय, आन् त्या तंदूरवालीची आपल्या दोघांपरीस जास्त हाय, कारण आपल्याला दुसरीकडं उभं ऱ्हायला जागा हाय, तिला न्हाई. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं तर गपगुमान व्हा, पण वर देवाला फणा करून नका बसवू!"

वसुधाबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ते कलम मला वाचून दाखवलं होतंत तुम्ही. आठवतंय? म्हणाला होतात, 'वसू, ज्याच्याकडे कागद नाही अशा माणसाला या एका ओळीनं पाय टेकायला जागा मिळेल.' मी त्या रात्री देवापुढे साखर ठेवली होती हो. मला वाटलं होतं, माझ्या नवऱ्यानं काहीतरी चांगलं केलं. तुम्ही ते कलम कुणासाठी लिहिलं होतंत? सांगा ना. बलजीतसाठीच ना?"

आणि मग सर मटकन खुर्चीत बसले. बलजीतसाठीच! शब्दन् शब्द तिच्यासाठी होता. कुंपणापलीकडे ते ज्या माणसांना रोज बघत होते, त्यांच्याकडे बघूनच ते कलम त्यांना सुचलं होतं. आणि तेच कलम हातात धरून त्यांनी त्याच माणसाला जीपमध्ये घातलं होतं. त्यांना वाटलं, आपण चोर असतो तरी बरं होतं. चोराला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

"राजाभाऊ, त्याला सोडतील ना?"

"चौकीत हाय तंवर आशा हाय. दुसऱ्या जिल्ह्याच्या ताब्यात दिला तर मग काय सांगता येत न्हाई. लई माणसं गेल्यात अशी. बसू नका सर, उठा!"

सर उठले. पायात चपला आहेत की नाहीत हेही न बघता त्यांनी स्कूटर काढली.

चौकीच्या बाहेर पायरीवर बलजीत बसली होती. सरांना बघून तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, सर दिलेला शब्द पाळायला आले. सरांनी मान खाली घातली आणि ते तिच्या बाजूनं आत गेले.

इन्स्पेक्टरांनी खुर्ची पुढे केली. "आइए प्रोफेसरसाब. आपकी बात ठीक निकली. रिश्तेदार आते हैं, बंदा ख़ुद मानता है. दोपहर को दूसरे ज़िले की गाड़ी आ रही है, उनके हवाले कर देंगे."

"नहीं, नहीं!" सर घाईनं म्हणाले. "वो... ग़लतफ़हमी हो गई. मैं इनको जानता हूँ. शरीफ़ लोग हैं. डर के मारे गाँव छोड़ा है. रिश्तेदार भी वैसे ही हैं."

इन्स्पेक्टरांनी त्यांच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो, थकलेला होता. "कल शाम आप जैसा पढ़ा-लिखा आदमी कहता है, देख लो. आज सुबह कहता है, छोड़ दो. मैं ऊपर क्या जवाब दूँ? ग़लतफ़हमी किस बात की? वजह बताइए."

इथं सरांना पळवाट होती. कायद्याच्या माणसाला शब्दांची काय वाण? 'नीट पाहिलं नव्हतं' म्हणता आलं असतं, 'दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होतो' म्हणता आलं असतं. पण त्या उत्तरांवर माणूस सुटला नसता, हेही त्यांना समजत होतं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"ज़मीन के लिए," ते म्हणाले.

"जी?"

"घर के साथ जो सरकारी टुकड़ा है, वो मुझे चाहिए था. नए क़ानून में जिसका क़ब्ज़ा दिखे, उसको मिलनी है. ये लोग वहाँ बैठे हैं. ये हट जाएँ, इसलिए मैंने आपसे कहा. इनका कोई क़सूर नहीं. क़सूर मेरा है."

चौकीतल्या एका शिपायानं लिहिता लिहिता मान वर केली. मग इन्स्पेक्टरांनी विचारलं, "कितनी ज़मीन है?"

सरांनी हातानंच दाखवलं. आठ-दहा खाटा टाकल्या तर पुढे जागा उरणार नाही, एवढी.

"इतनी सी?" इन्स्पेक्टर म्हणाले. ते रागावले असते, ओरडले असते, तर सरांना बरं वाटलं असतं. ते फक्त 'इतनी सी' म्हणाले आणि त्यांनी शिपायाला खूण केली. "जो कहा है वो लिखकर दीजिए, दस्तख़त कीजिए. और प्रोफेसरसाब, एक बात बोलूँ? हमको लोग बहुत गालियाँ देते हैं. पर हम भी किसी के कहने पर ही उठाते हैं."

सरांनी लिहून दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची कलमं लिहिणाऱ्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःबद्दल चार ओळी खऱ्या लिहिल्या.

दलीपसिंग बाहेर आला तेव्हा त्याची पगडी सैल झाली होती आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. बलजीतनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि सरांकडे वळून पुन्हा हात जोडले. दलीपला चालवत नव्हतं म्हणून बलजीतनंच त्याला सरांच्या स्कूटरवर बसवलं. "तुम्ही यांना घेऊन जा सरजी, मी चालत येते."

गोल चौकाजवळ पोचल्यावर मागून दलीपसिंग म्हणाला, "सरजी, कोणीतरी आमचं नाव दिलं होतं. तुम्ही आत होता. कळलं का कोण ते?"

सरांनी स्कूटर कडेला घेतली, थांबवली. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. समोर रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "मैंने दिया था, दलीपसिंग."

मग स्कूटर हलली. दलीपसिंग उतरला होता. त्यानं शिवी दिली नाही की हात उगारला नाही. झाडाला धरून तो क्षणभर उभा राहिला आणि मग लंगडत लंगडत एकटाच घराच्या दिशेनं चालायला लागला. सर स्कूटर हातानं ढकलत त्याच्या मागे मागे चालत गेले. तो पुढे, हे मागे. रस्त्यावरचे लोक बघत होते. बघू दे, सरांना वाटलं, बघायलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी, दुपारच्या आरतीच्या वेळी, पाहणीवाले आले. मांडवात सगळं मंडळ जमलं होतं. कर्नल होते, डॉक्टर होते, नटूनथटून आलेल्या बायका होत्या. पाहणी करणाऱ्या माणसानं कुंपण पाहिलं, मांडव पाहिला आणि हसून विचारलं, "तो ये क़ब्ज़ा प्रोफेसरसाब का, है न?"

सरांनी हातातलं तबक वसुधाबाईंकडे दिलं. "नाही," ते आधी मराठीतच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "मंडळी, ही जागा माझी नाही. तुम्हांला मी फसवलं. जागा माझी दिसावी म्हणून मी इथं गणपती बसवला, आणि इथं राहणाऱ्या माणसाला पोलिसांत दिलं." आणि मग पाहणीवाल्याकडे वळून, "ये कुंपण... ये बाड़ पिछले साल की है, मैंने लगाई है, उखाड़ दूँगा. चार साल से यहाँ ये लोग रहते हैं. क़ब्ज़ा इनका है. इनका नाम लिखिए."

कुणीतरी हळूच म्हणालं, "शी!" ते सरांनी ऐकलं.

पाहणीवाल्यानं बलजीतला पुढे बोलावलं. "ज़मीन तेरी है, बीबी?"

"ज़मीन ते सरकार दी है जी," बलजीत म्हणाली, म्हणजे जमीन सरकारचीच. "चुल्हा मेरा है." सरांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. दलीपनं तिला सगळं सांगितलं होतं.

पाहणीवाल्यानं दोघांची नावं लिहून घेतली. मंडळानं त्याच दुपारी बाप्पांना उचलून राजाभाऊंच्या जावयाच्या घरी नेलं, आणि संध्याकाळी तंदूर पुन्हा पेटला. सर कुंपण उपटत होते. काट्यांनी हात रक्ताळले होते. राजाभाऊ शेजारी येऊन बसले, तसे सर म्हणाले, "राजाभाऊ, शेवटी मी बोललो ना?"

"बोलला न्हवं," राजाभाऊ म्हणाले. "पण शाबासकी मागू नका सर. चोरानं माल परत दिला म्हणून त्येला कुणी हार घालत न्हाई." आणि ते खाली वाकून दुसऱ्या बाजूनं मेंदी उपटायला लागले.

वाचकहो, सरकार जमिनी विकेल, कायदे करील, बदलील. ते सरकारचं काम आहे आणि त्यात भलंबुरं काय ते आपण मतपेटीत आणि सभेत जरूर बोलावं. पण कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नसतं असं एक कलम आपल्यापाशी असतं: जे सगळ्यांचं आहे ते आपल्याला हवंसं वाटलं, की आधी तिथं कोण उभा आहे ते बघावं. तो उठला तर जाणार कुठे, हे स्वतःला विचारावं. आणि ज्या काळात एका शब्दानं माणूस नाहीसा होतो, त्या काळात तर शब्द उच्चारण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. 'मी खोटं बोललो नाही' हे समाधान फार स्वस्त असतं. कशासाठी बोललो, ते विचारा! उत्तर द्यायला लाज वाटली तर समजा की अजून वेळ गेलेली नाही. खरवंडीकर सरांना लाज वाटली म्हणून एक माणूस जिवंत घरी आला.

दलीपसिंगानं त्यांना माफ केलं का? नाही केलं. समोरून सर आले की तो आजही खाट विणता विणता मान फिरवतो. आणि सर दरवेळी थांबतात, खाली मानेनं नमस्कार करतात आणि पुढे जातात. त्यानं माफ करावं असं म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही, एवढं त्यांना आता कळलंय.